मडमेच्या वाट्या

“आतलं फूल कुठं गेलं, बेन?” ताहेरभाईंनी विचारलं. भिंग डोळ्याला तसंच ठेवून, वाटी खिडकीकडे तिरपी धरून, अगदी सहज. दुकानात आलेल्या माणसाला चहा घेणार का म्हणून विचारावं तसं. साधनाने आधी त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि मग स्टुलावर बसून पाय हलवणाऱ्या गार्गीकडे. चार वर्षांची गार्गी समोरच्या कपाटातल्या काचेच्या हंसाकडे बघत होती. बघत होती म्हणजे डोळे तिकडे होते. साधनाच्या पाठीवरून घामाचा एक थेंब सरळ खाली गेला आणि कमरेशी थांबला. तो थांबला तेही तिला कळलं. “कुठलं फूल?” ती म्हणाली. कुठलं ते तिला चांगलं माहीत होतं.

टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर सहा वाट्या ओळीने मांडल्या होत्या. सायीच्या रंगाच्या, काठाला सोनेरी रेघ, बाहेरून निळी वेल आणि आत तळाशी एक टपोरं लाल-जांभळं फूल. चार वाट्यांतलं फूल काल काढल्यासारखं ताजं होतं. पाचवीत अर्धंच उरलं होतं, देठ आणि दोन पाकळ्या. बाकीच्या जागी तांबूस छाया, कुंकू पुसल्यावर कपाळावर राहते तशी. सहावीचा तळ कोरा. ताहेरभाईंनी त्या कोऱ्या तळावर अंगठा फिरवला तेव्हा खरखर असा बारीक आवाज आला. “घासून जातं का हो?” तिने विचारलं. “राखेनं घासतात घरी.” ताहेरभाई हसले. “राखेनं घासलं तर काठाचं सोनं पहिलं जाईल. सोनं बघा, सहाच्या सहांचं शाबूत आहे.”

घरात ह्यांना मडमेच्या वाट्या म्हणत. नवऱ्याचे आजोबा चिमाजी देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यावर रोज भाजी आणि फुलं घालायचे. इंग्रज गेले तेव्हा त्या बंगल्यातल्या मडमेने बोटीचा प्रवास सुरू करण्याआधी ह्या वाट्या त्यांच्या पाटीत ठेवल्या. खाली मेथी, मध्ये वाट्या, वर पुन्हा मेथी, अशी ती गोष्ट होती आणि सासू कुसाबाई ती सांगताना मेथीपाशी हमखास हात फिरवून दाखवीत. साधना मनमाडची, रेल्वेतल्या फिटरची मुलगी, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. विहितगावच्या मळ्यात सून म्हणून आली त्याला सहा वर्षं झाली होती आणि ह्या सहा वर्षांत तिच्या शिक्षणाचा उपयोग औषधांच्या डब्यावरची फवारणीची सूचना वाचून दाखवण्यापलीकडे कुणाला झाला नव्हता. मग टीव्हीवर कुठल्याशा कार्यक्रमात रविराजने, तिच्या नवऱ्याने, एका गोऱ्या बाईला जुनी बशी मिळाली आणि ती विकून तिचं घर झालं असं पाहिलं. “तू शिकलेली, तू बघ काय ते,” तो म्हणाला. महिनाभर ती गार्गीला कडेवर घेऊन वाचनालयात गेली, जाडजूड इंग्रजी पुस्तकातल्या खुणा पेन्सिलीने उतरवून घेतल्या. वाट्यांच्या बुडाशी एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी होत्या. पुस्तकात होत्या अगदी तशाच. जर्मनी, अडीचशे वर्षं, अस्सल पोर्सेलीन. तिला पुन्हा परीक्षेच्या दिवसांसारखं हलकं आणि धारदार वाटू लागलं होतं. आजही ती निकाल ऐकायला आली होती, आणि निकाल आपल्याला आधीच ठाऊक आहे असं तिला वाटत होतं.

ताहेरभाईंनी तलवारींकडे फारसं पाहिलंच नाही. ते कॅम्पातले जुने बोहरी, बंगल्यांतून निघालेलं सामान तीन पिढ्या विकणारे. त्यांनी वाटी उजेडासमोर धरली आणि मागून चार बोटं फिरवली. बोटांची सावली काही आली नाही. “असली पोर्सेलीन असती तर बोट दिसलं असतं, लाजल्यासारखं.” मग नखाने काठाला टिचकी मारली, आवाज आला, पण लगेच बसला. मग त्यांनी वाटी उलटी केली, बुडाची बिनचकाकीची कड जिभेला लावली, आणि जीभ जराशी चिकटून सुटली. “बघितलं? पाणी ओढते. माती आहे बेन, चांगली माती, पण माती. शंभर-सव्वाशे वर्षांची असेल. तलवारी काय, ब्रश हातात असलेला कोणीही काढतो. माल खोटा नाही, नाव खोटं आहे.” तिला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ताहेरभाई भिंग पुसत म्हणाले, “असल्या मातीवर चकाकी आणायला शिसं घालायचे त्या वेळी. रंगातपण शिसं. शोकेसचा माल. ह्याच्यात कोणी खात नाही ना?”

“छे,” साधना म्हणाली.

“मग काही नाही. आंबट तर कधीच ठेवायचं नाही ह्याच्यात. आंबट ठेवलं की आतून सुटत जातं.” आणि मग, स्वतःच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता सापडल्यासारखे, ते थांबले. त्यांनी पाचवी वाटी पाहिली, स्टुलावरच्या गार्गीकडे पाहिलं, आणि भिंग दोनदा पुसलेलं असूनही पुन्हा पुसायला घेतलं. “डॉक्टर चांगला आहे ना तुमचा?” ते हळू आवाजात म्हणाले. साधनाने वाट्या भराभर कागदात गुंडाळल्या. गार्गीला उचललं. पोर हलकी लागली. रोज उचलत होती तीच पोर, पण आज उचलताना हलकी लागली.

रिक्षात ती वाट्यांची पिशवी पायाशी धरून आणि गार्गीला पोटाशी धरून बसली, आणि मग पाचवीचं राहिलेलं अर्धं फूल तिच्या डोळ्यांपुढून हलेना. गार्गी जेवायला त्रास द्यायची. दुसरं वर्ष संपलं तेव्हापासून घास गालात धरून बसायची. तेव्हा साधनानेच ही युक्ती काढली होती: खाली फूल लपलंय, शोध बघू. फूल दिसलं की संपलं. आणि गार्गी खरोखरच खाली बघत बघत खायची, चमच्याने तळ खरवडायची, फूल दिसलं की बोट लावायची आणि बोट चोखायची. दोन वर्षं. मध्यंतरी एकदा साधनाच्या मनात आलंही होतं की पाकळी फिकी झाली, पण ते धुण्याच्या राखेवर ढकलून ती मोकळी झाली होती. सगळीकडे पाहणारी बाई ती. पोरीच्या दुधात माशी पडली तर दूध ओतून द्यायची, वांग्यातली अळी उजेडात धरून बघायची, पाणी वीस मिनिटं उकळायची, रात्रीतून दोनदा उठून तिच्या नाकाशी हात धरायची. आणि फूल जात होतं ते तिने पाहिलं नव्हतं. नाही, पाहिलं होतं.

आणि आंबट. ह्या घरात आंबटाचं शास्त्र कडक होतं. पितळेत आंबट कळकतं, जर्मलचं म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं काळं पडतं, स्टीलचा भरवसा नाही. आंबट ठेवावं ते चिनी मातीत. लोणचं बरणीत, चिंचेचा कोळ बरणीत, आणि घरातल्या लहानग्याचं दही मडमेच्या वाटीत वेगळं लावायचं, ही कुसाबाईंची पद्धत. “भांडं चांगलं तर पोट चांगलं,” त्या म्हणत. साधनाला ते पटलं होतं. पटलं म्हणजे केमिस्ट्रीने पटलं होतं. आम्ल धातूवर चढतं, मातीवर चढत नाही. तिने मनातल्या मनात सासूच्या अडाणी शहाणपणाला पास केलं होतं. वर डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचे थेंब दिले आणि त्याबरोबर काहीतरी आंबट द्या म्हणाले, तेव्हा तिने त्याच वाटीत लिंबू पिळून ठेवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी दुधाला विरजण लागायचं, सकाळपर्यंत दही धोंड्यासारखं घट्ट व्हायचं. आणि गोड. मडमेच्या वाटीतलं दही कधी आंबट होत नाही, अशी घरात ख्याती होती. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या बाईंनी एकदा पांढऱ्या स्फटिकांची बाटली दाखवली होती. शिसं आणि आम्ल मिळून झालेली ही शिशाची साखर, चव घेऊ नका गं, गोड लागते म्हणतात; आणि सगळ्या मुली हसल्या होत्या. रिक्षा खड्ड्यातून गेली, वाट्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या. गार्गीने त्या आवाजाकडे मान वळवली नाही.

साधनाकडे एक वही होती. गार्गीने पहिला शब्द उच्चारला त्या दिवसापासून तिने त्यात शब्द लिहून ठेवले होते: काऊ, दुदू, आज्जी, वरण नको. “वरण नको” ह्या दोन शब्दांच्या शेजारी तिने आनंदाने फुली काढली होती, पहिलं वाक्य म्हणून. एकतीस शब्द झाले होते. मग पोर गप्प गप्प होत गेली. एकेक शब्द मागे फिरल्यासारखा नाहीसा झाला. आता पाच-सहा उरले होते. पोट दुखतं म्हणून मुटकुळं करून पडायची. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, दोनदा दिलं. काही मुलं उशिरा बोलतात हो, आई फार काळजी करते, म्हणाले. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, हाक मारली तर बघत नाही. कुसाबाई म्हणाल्या, “आमचा जीवन नाय का असाच व्हता.” तेव्हा साधनाला राग आला होता. जीवन म्हणजे तिचा धाकटा दीर, सव्वीस वर्षांचा, उंचापुरा, देखणा. फुलांच्या पाट्या वाहायचा, चार शब्दांत बोलायचा, आणि दोनापुढची संख्या त्याला कळायची नाही. सगळे त्याला भोळा म्हणत. त्याचं खापर कुणी लहानपणीच्या तापावर फोडायचं, कुणी फेडायच्या राहिलेल्या नवसावर. कुसाबाई दर चैत्रात वणीचा गड अनवाणी चढत, पायऱ्या नव्हे, जुन्या वाटेने, त्या पोरासाठी. आता रिक्षात साधनाला सहावी वाटी आठवली. कोरा तळ. रविराज लहानपणी आजोळी वाढला होता, चांदवडला. तो ह्या वाट्यांत कधी जेवला नव्हता. रिक्षावाल्याने दुसऱ्यांदा विचारलं, “ताई, मळ्यात आत घ्यायची का?” तेव्हा कुठे तिला ऐकू आलं.

कुसाबाई ओट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. शेजारी जीवन, दोन्ही हातांत केळीच्या सोपटाच्या दोऱ्या घेऊन, आई मागेल तशी एकेक देत. रविराज मोटरसायकल पुसत होता, पण ती कधीच पुसून झाली होती.

“आली गं बया! काय म्हनला तो बोहरी?” कुसाबाईंनी जुडी खाली टाकली. “खऱ्या निघाल्या का?”

साधनाने गार्गीला खाली ठेवलं. ती तशीच पळत जीवनकाकाकडे गेली आणि त्याच्या मांडीवर बसली. दोघं एकमेकांकडे न बघता एकाच दोरीशी खेळू लागली. एकाच्या बोटाभोवती दोरी, दुसरीच्या बोटाभोवती दोरी. साधना ते बघत राहिली. रिक्षात तिने सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती आणि आता त्यांतलं एकही ह्या बाईच्या तोंडावर टाकण्यासारखं नव्हतं. ह्या बाईचे पाय टाचांशी फुटलेले होते. गडाने फोडलेले.

“खऱ्या आहेत,” ती म्हणाली. “फार मोलाच्या. आता त्यात खायचं नाही. वर ठेवून द्यायच्या.”

“बघ! मी काय म्हनत व्हतो!” रविराजने फडकं हवेत उडवलं. “आणि आपण येडे त्याच्यात दही लावतोय!”

“येडा तू,” कुसाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की साधनाने नजर काढून घेतली. “तुझ्या नशिबी आजोळचं जर्मल व्हतं. माझा जीवन बघ, राजाच्या भांड्यात वाढलाय. काय रे राजा? लय गोड लागायचं ना?” जीवन हसला. “गोड,” तो म्हणाला.

वाट्या साधनाने स्वतःच्या हाताने माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे ठेवल्या. रविराजला उद्या बाजारातून आल्यावर एकट्याला सांगायचं, असं तिने ठरवलं. रक्त काढून मुंबईला पाठवावं लागेल, आठ दिवस लागतील. काय आलं तर काय करतात ते तिला माहीत नव्हतं, पण काहीतरी करत असतील, उशीर झाला नसेल, पोर चारच वर्षांची आहे. जीवन सव्वीसचा आहे. त्याला सांगून काय मिळणार, आणि त्याच्या आईला सांगून काय. ही गोष्ट आपल्यापुरती गिळून टाकता येईल असं तिला खरोखर वाटलं, आणि त्या वाटण्यात तिला थोडं मोठं झाल्यासारखंही वाटलं.

सकाळी रविराज माल घेऊन कधीच गेला होता. साधना न्हाणीतून केस पुसत आली तर स्वयंपाकघरात उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्या पट्ट्यात कुसाबाई गार्गीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात पाचवी वाटी होती. घट्ट दह्याचा एक कोपरा चमच्याने उचललेला होता. गार्गीच्या ओठांवर पांढरी रेघ होती.

“रागवू नको बाई,” कुसाबाई हसत म्हणाल्या. “जीवननं काढून दिली काल. म्हनलं, शोकेसात जायच्या आधी एकडाव लावावं. एवढी मोलाची चीज, पोरीला नाय तर कोनाला? बघ कशी खातीये, फूल शोधतीये.”

साधनाने गार्गीला ओढून घेतलं. ओढलं म्हणजे हिसकलं. पोर भोकाड पसरून रडायला लागली, आणि साधना तिच्या तोंडात बोट घालून दही बाहेर काढत राहिली, पदराने जीभ पुसत राहिली, आणि पुसता पुसताच बोलत राहिली. कुठून सुरुवात केली ते तिला नंतर आठवलं नाही. वाट्या खोट्या आहेत. त्यांच्यात शिसं आहे. विष असतं ते आई, थोडं थोडं, डोक्यात जातं, लहान मुलांच्या. आंबट ठेवलं की सुटतं. फूल घासून नाही गेलं, फूल पोटात गेलं. हिच्या पोटात. मी घातलं. तिने “मी” म्हटलं, दोनदा म्हटलं, सगळं आपल्या अंगावर घेता आलं तर बघावं म्हणून. पण फुलं दोन वाट्यांतली गेली आहेत, एका नव्हे, हे कुसाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. वाट्या रोज त्या स्वतःच तर धूत होत्या.

“कधी कळलं तुला?” त्यांनी विचारलं.

“काल.”

“काल,” कुसाबाई म्हणाल्या. “आनि काल म्हनलीस खऱ्या हायेत.”

साधनाने पोरीची जीभ पुन्हा पदराने पुसली. दोन चमचे, तिच्या मनात चाललं होतं, दोनच चमचे गेले असतील, फार तर तीन. दोन वर्षांच्या दह्यापुढे तीन चमचे काय. पण हे तीन मी घातले, बाकीचे नकळत, हे तीन कळून. गार्गीचं रडणं उचक्यांवर आलं होतं.

“त्या बोहऱ्याला काय कळतंय,” कुसाबाई एकाएकी मोठ्याने म्हणाल्या. “सायबाची बायको जेवत व्हती ह्याच्यात. मेली का ती? तुम्ही शिकल्यासवरल्या, तुमाला सगळ्यात विष दिसतंय. पान्यात विष, भाजीत विष.” आणि त्यांनी वाटी उचलली आणि चमच्याने दही खायला सुरुवात केली. एक चमचा. दुसरा. त्या साधनाकडे बघत खात होत्या, घाई न करता, जेवणानंतर दही खावं तशा. “काय झालं मला? आं? बघ. काय झालं?” साधना म्हणाली, “आई, नका.” हात पुढे केला, पण कडेवर मुलगी होती, आणि हात मध्येच राहिला. सासू हे खोटं ठरवायला खातीये की खरं वाटलं म्हणून खातीये, हे तिला ठरवता येईना. चमचा तळाला लागला तसा खरखर आवाज यायला लागला. कुसाबाईंच्या हनुवटीवरून पांढरं पाणी ओघळत होतं, ते त्या पुसत नव्हत्या.

तेवढ्यात दारात जीवन आला. फुलांची रिकामी पाटी काखेत, डोक्याला पाकळ्या चिकटलेल्या. त्याने वाटी पाहिली आणि त्याचं तोंड हसण्याने भरून आलं. पाटी खाली टाकून तो आईसमोर उकिडवा बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली.

“आई, मला.”

कुसाबाईंचा चमचा तोंडाशी थांबला.

“थोडं,” जीवन म्हणाला. “गोड.”

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. वाटी छातीशी ओढून घेतली आणि तिच्या तोंडावर उताणा नव्हे, पालथा, पूर्ण तळहात दाबून धरला, आतून काही उडून बाहेर पडेल की काय अशा भीतीने. जीवनने हसत हसत त्यांचं एक बोट उचलून बघितलं, मग दुसरं. लहानपणचा खेळ असावा तो. प्रत्येक बोट त्या पुन्हा खाली दाबत होत्या.